यूएनमध्ये इंटरप्रिटर व्हायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज कसा करायचा

"मॅडम, माझं फ्रेंचचं बी२ झालंय, यूएनच्या इंटरप्रिटरचा फॉर्म कधी निघतो?" (बी२ म्हणजे भाषेच्या परीक्षेतली मधल्यापेक्षा थोडी वरची लेव्हल) हा मेसेज मला महिन्यातून दोनतीनदा तरी येतो आणि दर वेळी मी तेच तेच टाईप करत बसते, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतेय. मी स्वतः फ्रेंच-इंग्रजीत फ्रीलान्स काम करते, फॅक्टरी ऑडिट, कॉन्फरन्स, अधूनमधून परदेशी शिष्टमंडळं असं सगळं. यूएनच्या मार्गाला लागलेल्या बऱ्याच मुलामुलींचे कागद बघितलेत, त्यामुळे कुठे अडतं ते बऱ्यापैकी कळलंय, आणि अडतं ते फॉर्मपाशी नाही, त्याच्या खूप आधी अडतं.

आधी काम नक्की काय आहे ते. आपल्याकडे दुभाषा म्हटलं की साहेबांच्या बाजूला उभा राहून ते थांबले की बोलणारा माणूस डोळ्यासमोर येतो. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन आला तेव्हा त्याच्यासोबत नारायण शेणवी दुभाषे म्हणून होते, ते काम त्याच प्रकारचं, म्हणजे आधी एकाने बोलायचं मग दुसऱ्याने. त्याला कन्सेक्युटिव्ह म्हणतात आणि दोन नेत्यांच्या बंद खोलीतल्या बैठकीत आजही तेच चालतं. सायमल्टेनियस म्हणजे वक्ता बोलतोय, तुम्ही काचेच्या बूथमध्ये हेडफोन लावून ऐकताय आणि त्याच वेळी दुसऱ्या भाषेत माईकवर बोलताय, दोनतीन सेकंद मागे राहून. ही पद्धत मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा वापरली गेली ती नाझी नेत्यांवरच्या न्यूरेंबर्ग खटल्यात, नोव्हेंबर १९४५ पासून, इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि जर्मन अशा चार भाषांत आणि आयबीएमच्या यंत्रणेवर. चार भाषांत एकामागून एक भाषांतर करत बसले असते तर तो खटला कधी संपलाच नसता. मग १९४७ मध्ये यूएनच्या आमसभेने हीच पद्धत कायमची स्वीकारली.

आता पात्रता. इथे घाई करू नका, सगळा खेळ इथेच आहे.

यूएनच्या अधिकृत भाषा सहा: इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश, रशियन, चिनी आणि अरबी. मराठी नाही, हिंदी पण नाही. मग १९७७ मध्ये वाजपेयी आमसभेत हिंदीत कसे बोलले असं लगेच विचारतात. तर आमसभेच्या नियमावलीत ५३ नंबरचा नियम आहे, की कुठल्याही प्रतिनिधीला दुसऱ्या भाषेत बोलता येतं पण मग त्याचं एका अधिकृत भाषेत भाषांतर करायची सोय त्याने स्वतः करायची. म्हणजे तो इंटरप्रिटर यूएनचा नसतो, त्या देशाने आणलेला असतो, आणि बाकीचे बूथ त्याचं इंग्रजी ऐकून आपापल्या भाषेत नेतात. याला रिले म्हणतात. २००९ मध्ये लिबियाच्या गद्दाफींनी पंधरा मिनिटांच्या जागी दीड तासावर भाषण केलं आणि त्यांनी सोबत आणलेला इंटरप्रिटर शेवटी शेवटी थकून गेला, यूएनच्या माणसाला पुढे घ्यावं लागलं, हे तेव्हा बातम्यांत बरंच आलं होतं. तेव्हा हिंदी येते म्हणून यूएनमध्ये नोकरी असं काही नसतं, हे एकदा मनात पक्कं करा.

आपल्यातल्या बहुतेकांना लागू पडतो तो इंग्रजी बूथ, म्हणजे बाकीच्या भाषांतलं बोलणं इंग्रजीत आणणारा. त्याची अट अशी की इंग्रजी ही तुमची मुख्य भाषा पाहिजे, म्हणजे तिच्यावर पूर्ण हुकूमत, आणि फ्रेंच उत्तम समजली पाहिजे, आणि त्याशिवाय स्पॅनिश किंवा रशियन यातली एक तितकीच उत्तम समजली पाहिजे. नुसती फ्रेंच चालत नाही, फ्रेंच आणि जर्मन चालत नाही, फ्रेंच आणि जपानी पण नाही. पुण्यात जर्मन आणि जपानी शिकलेली इतकी हुशार मुलं आहेत आणि त्यांना कुणी हे वेळेवर सांगितलेलं नसतं याचं मला फार वाईट वाटतं. अरबी आणि चिनी बूथचं वेगळं आहे, तिथले लोक दोन्ही दिशांनी काम करतात, आपल्या भाषेत आणि आपल्या भाषेतून इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये, म्हणून त्या दोन बूथमध्ये तिघं बसतात आणि बाकी चारमध्ये दोघं. सहा भाषांच्या एका सभेला चौदा इंटरप्रिटर लागतात ते असे.

मुख्य भाषेबद्दल थोडं थांबून बोलते. या क्षेत्रात भाषांना ए, बी, सी असे दर्जे असतात, परीक्षेतल्या बी२ वगैरेशी त्यांचा संबंध नाही. ए म्हणजे जिच्यात तुम्ही विचार करता, जोक करता, भांडता. बी म्हणजे जिच्यात कामापुरतं उत्तम बोलता. सी म्हणजे जी पूर्ण समजते पण तुम्ही तिच्यात काम देत नाही. यूएनच्या इंग्रजी बूथला तुमची फ्रेंच आणि स्पॅनिश सी असली तरी पुरते, ती बोलता कशी येते ते कुणी बघत नाही, बघतात ते तुमचं इंग्रजी. आणि आपली मुलं नेमकं उलटं करतात, सगळा जोर फ्रेंच बोलण्यावर, डीएएलएफ या फ्रेंचच्या वरच्या परीक्षेच्या सर्टिफिकेटवर, आणि इंग्रजी तर येतंच म्हणून सोडून देतात. मी मराठी माध्यमाची, मला मराठी ए आहे आणि इंग्रजी ए करायला किती वर्षं गेली ते मलाच माहीत. रोज मोठ्याने इंग्रजी वाचायचं, भाषणं पाठ करायची, एकच वाक्य चार वेगवेगळ्या पद्धतीने बोलायचं. साहेबी अ‍ॅक्सेंट काढायची गरज नाही पण वाक्य अर्धवट सुटता कामा नये आणि शब्दासाठी चाचपडणं दिसता कामा नये.

आकड्यांचा तर वेगळाच अभ्यास करावा लागतो. आपण पंचवीस म्हणताना आधी पाच मग वीस, एकोणतीस म्हणताना तिसातून एक वजा. फ्रेंचमध्ये सत्त्याण्णव म्हणजे चार वेळा वीस अधिक सतरा. आणि आपलं डोकं लाख-कोटीत चालतं, तिथे मिलियन-बिलियन. फ्रेंचमधला मिलियार म्हणजे इंग्रजी बिलियन, आणि फ्रेंचमधला बिलियाँ म्हणजे इंग्रजी ट्रिलियन. बजेट कमिटीच्या भाषणात एक शून्य चुकला की सगळं चुकलं. म्हणून बूथमध्ये शेजारचा माणूस रिकामा नसतो, तो पॅडवर आकडे आणि नावं लिहून तुमच्यासमोर सरकवत असतो.

आणि वीस-तीस मिनिटांनी माईक दुसऱ्याकडे देतात, त्याला कारण आहे. एका आयोजकाने मला एकदा दिवसभरासाठी एकटीला बूथमध्ये बसवलं, पैसे वाचवायला. पाऊण तासानंतर माझ्याकडून वाक्यातला एक नकार सुटला, 'मान्य नाही' चं 'मान्य' झालं, चहाच्या वेळी कुणाच्या तरी लक्षात आलं म्हणून निभावलं. तेव्हापासून एकटीचं काम मी घेत नाही, तुम्हीही घेऊ नका. यूएनमध्ये एक सभा तीन तासांची आणि आठवड्याला साधारण सात सभा, इतकंच काम देतात, ते ऐकून लोकांना वाटतं किती आरामाची नोकरी, पण उरलेला वेळ पुढच्या सभेची कागदपत्रं वाचण्यात जातो, आज निःशस्त्रीकरण तर उद्या समुद्री कायदा.

शिक्षण काय लागतं? पदवी लागतेच, विषय कुठलाही असला तरी चालतो. पण प्रत्यक्षात कॉन्फरन्स इंटरप्रिटिंगमधली मास्टर्स केल्याशिवाय इथवर पोचणं फार अवघड आहे, कारण ऐकता ऐकता बोलणं हे भाषा येण्यापेक्षा वेगळं कसब आहे. हे शिकवणाऱ्या संस्था म्हणजे जिनिव्हा विद्यापीठाची एफटीआय, १९४१ पासूनची, पॅरिसची एसिट, इंग्लंडमध्ये बाथ विद्यापीठ. या ठिकाणी प्रवेशालाच परीक्षा असते आणि बरेच जण तिथेच गळतात. इंटरप्रिटिंगची डिग्री नसेल तर प्रत्यक्ष बूथमधल्या कामाचा अनुभव दिवस मोजून मागतात. भाषेचा पाया मात्र इथे घालता येतो, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट, पुण्या-मुंबईत अलियाँस फ्राँसेज, दिल्लीला जेएनयू, हैदराबादला इफ्लू हे भाषांचं विद्यापीठ. फक्त सर्टिफिकेट-डिप्लोमा झाला म्हणून तिथेच थांबू नका.

आता अर्ज. यूएनमध्ये कायम नोकरीचा दरवाजा म्हणजे लँग्वेज कॉम्पिटिटिव्ह एक्झाम, सगळे एलसीई म्हणतात. ही प्रत्येक भाषेची, प्रत्येक कामाची वेगळी निघते, इंग्रजी इंटरप्रिटरची वेगळी, फ्रेंच ट्रान्सलेटरची वेगळी, आणि दरवर्षी निघेलच असं नाही, त्यांना माणसं लागतील तेव्हा निघते. जाहिरात यूएन करिअर्सच्या साईटवर येते आणि अर्ज इन्स्पिरा नावाच्या पोर्टलवर भरायचा. तिथे आधी अकाउंट उघडून स्वतःचं प्रोफाईल भरून ठेवा, शिक्षण, नोकऱ्या, भाषा सगळं, हे काम जाहिरात यायच्या आधीच करून ठेवा कारण शेवटच्या दिवशी पोर्टल अडलं तर काही करता येत नाही. भाषेच्या रकान्यात खरं ते लिहा, येत नसलेली भाषा टाकली तर परीक्षेत पहिल्या दोन मिनिटांत कळतं. आणि तुमच्या युनिव्हर्सिटीचं नाव वर्ल्ड हायर एज्युकेशन डेटाबेसमध्ये आहे का ते बघून घ्या, डिग्री तिथूनच तपासतात.

अर्जाला, परीक्षेला, मुलाखतीला, कशालाच फी नाही. यूएन भरतीच्या कुठल्याही टप्प्यावर पैसे घेत नाही. कुणी प्रोसेसिंग फी, ट्रेनिंग फी, व्हिसा डिपॉझिट मागितलं तर ती फसवणूक आहे, शंभर टक्के.

कागदपत्रं म्हणाल तर पासपोर्ट, डिग्री सर्टिफिकेट, सगळ्या वर्षांच्या मार्कलिस्ट, इंटरप्रिटिंगचा डिप्लोमा असेल तर तो, आणि कामाची पत्रं. डिग्री म्हणजे पदवीदान समारंभातली खरी डिग्री, पासिंग सर्टिफिकेट नाही, ज्यांनी कॉन्व्होकेशनचा फॉर्मच भरला नव्हता त्यांनी आत्ताच युनिव्हर्सिटीत जाऊन अर्ज करा, त्याला महिने लागतात. कामाच्या पत्रात तारखा, भाषा, किती दिवस आणि सायमल्टेनियस होतं की कन्सेक्युटिव्ह हे लिहून घ्या, 'काम समाधानकारक होते' एवढ्याने काही सिद्ध होत नाही. आणि आपल्याकडची सगळ्यात मोठी भानगड म्हणजे नाव. आपल्या मार्कलिस्टवर आधी आडनाव, मग स्वतःचं, मग वडिलांचं, कधी आईचं पण, पासपोर्टवर वेगळाच क्रम, आणि लग्नानंतर नाव बदललं असेल तर अजूनच गोंधळ. मॅरेज सर्टिफिकेट किंवा नावबदलाचं राजपत्र आधीच जवळ ठेवा, आणि इन्स्पिरावर पासपोर्टवरचंच नाव टाका. परदेशी विद्यापीठात प्रवेश घेताना किंवा व्हिसाच्या वेळी अपॉस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा शिक्का, मागू शकतात, ते परराष्ट्र मंत्रालयाचं काम आहे आणि डिग्रीवर त्याआधी राज्याचा शिक्का लागतो. फ्रान्सला शिकायला जाणार असाल तर कँपस फ्रान्स या फ्रेंच सरकारी संस्थेची प्रक्रिया वेगळी करावी लागते.

परीक्षेत खऱ्या भाषणांसारखी रेकॉर्डिंग असतात, चढत्या अवघडपणाची, ती बूथमध्ये असल्यासारखी इंग्रजीत आणायची, तुमच्या दोन्ही भाषांतून. त्यात निभावलं की मुलाखत. पास झालात म्हणजे लगेच नेमणूक नाही, नाव रोस्टरवर, म्हणजे पास झालेल्यांच्या यादीत जातं आणि जागा रिकामी झाली की बोलावतात, न्यूयॉर्क, जिनिव्हा, व्हिएन्ना, नैरोबी, जिथे लागेल तिथे. मला न्यूयॉर्कच पाहिजे असं चालत नाही. सुरुवात पी-२ किंवा पी-३ या यूएनच्या अधिकाऱ्यांच्या सुरुवातीच्या ग्रेडवर.

फ्रीलान्सचा रस्ता वेगळा. यूएनची कार्यालयं फ्रीलान्सर्सची स्वतंत्र टेस्ट घेतात आणि नाव यादीत टाकतात. तिथे तुमचं व्यावसायिक वास्तव्य कुठलं हे जाहीर करावं लागतं, कारण जवळचा माणूस मिळाला तर प्रवासखर्च वाचतो. पुण्यात राहून न्यूयॉर्कची कामं मिळणं म्हणूनच अवघड, पण बँकॉकला आशिया-पॅसिफिकचा आयोग आहे, एस्कॅप, आणि तिथल्या भाषा इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि चिनी. म्हणून दुसरी भाषा स्पॅनिश घ्यावी की रशियन असं कुणी विचारलं तर, इथेच राहायचं असेल तर माझं मत रशियनला. एआयआयसी ही इंटरप्रिटर्सची जागतिक संघटना, १९५३ ची, तिथे सदस्य व्हायला किमान १५० दिवसांचं काम आणि जुन्या सदस्यांची शिफारस लागते.

भारत सरकारकडचे मार्ग थोडक्यात. परराष्ट्र मंत्रालयाचं स्वतःचं इंटरप्रिटर केडर आहे, जागा अगदी कमी. यूपीएससीतून आयएफएस झालात तर एक परदेशी भाषा सक्तीची असते. आणि ज्यांची ए भाषा मराठी आहे आणि तिचाच उपयोग करायचाय त्यांनी लोकसभा सचिवालयाच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा, सभागृहात मराठीतून बोललेलं पोचवायला तिथे इंटरप्रिटर असतात, डिप्लोमसी नाही पण बूथ तोच. गोव्यातल्या ज्यांनी पोर्तुगीज नागरिकत्व घेतलंय त्यांना युरोपियन युनियनच्या कायम नोकरीचा दरवाजा उघडा आहे, तिथल्या २४ भाषांत पोर्तुगीज आहे, पण त्यासाठी आजीची पोर्तुगीज कानावरून गेली असणं पुरत नाही.

जाहिरात येईपर्यंत काय करायचं तर यूएन वेब टीव्ही उघडा, फुकट आहे. सुरक्षा परिषदेची एखादी बैठक लावा, ऑडिओत फ्रेंच निवडा, मोबाईलवर स्वतःचं इंग्रजी रेकॉर्ड करा, वीस मिनिटं, मध्ये न थांबता. मग तीच बैठक इंग्रजी ऑडिओवर ऐका आणि आपलं रेकॉर्डिंग शेजारी लावा.