मिरांडा सूचना दिली नाही म्हणून आरोपी सुटत नाही

अमेरिकेत अटक करताना पोलिसांनी ‘गप्प राहण्याचा तुम्हाला हक्क आहे’ ही ‘मिरांडा सूचना’ ऐकवली नाही, तर खटलाच रद्द होतो, असा समज सिनेमांनी पसरवलाय. तसं नाही. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९६६च्या मिरांडा निकालानुसार माणूस ताब्यात असेल आणि त्याची चौकशी करायची असेल, तरच ही सूचना लागते. नुसत्या अटकेला नाही. ती राहिली, तर तो जबाब गुन्हा शाबीत करायला सहसा वापरता येत नाही, एवढंच. बाकीचा पुरावा उभाच राहतो. ज्याच्या खटल्यात हा निकाल लागला, तो खुद्द अर्नेस्टो मिरांडा १९६७ साली, सूचनेविना घेतलेला कबुलीजबाब बाजूला ठेवूनही, पुन्हा दोषी ठरला!

आणि हा हक्क बजावायला नुसतं तोंड मिटून बसणं पुरत नाही. २०१०च्या निकालापासून ‘मला गप्प राहायचंय’ असं स्पष्ट बोलावं लागतं. ‘बहुधा वकिलाशी बोलायला हवं’ असलं मोघम वाक्यही चालत नाही. ‘वकील हवा’ म्हणा.