स्वेटरमधली ठिणगी आणि मागावरची वीज

थंडीत रात्री स्वेटर काढताना चर्रचर्र आवाज येतो, अंधार असेल तर बारीक ठिणग्यासुद्धा दिसतात आणि त्याच हातानं लोखंडी कपाट उघडायला गेलं की टच्चकन झटका. सोलापूरची हवा कोरडी, त्यामुळं आपल्याकडं हे जरा जास्तच. मागावर पॉलिस्टरचं सूत असलं की धागे एकमेकांना चिकटतात, फुलतात, तुटतात, म्हणून तर शेडमधली हवा दमट ठेवायची धडपड.

हीच चोरटी वीज तारेत पकडली तर? 2012 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठातल्या झोंग लिन वांग यांच्या टीमनं हे केलं, नाव ठेवलं ट्रायबोइलेक्ट्रिक नॅनोजनरेटर, म्हणजे घासण्या-टेकण्यातून वीज काढणारा जनरेटर. नॅनो म्हटल्यावर मला वाटलं डोळ्याला न दिसणारं काहीतरी असेल, पण तुकडा तळहाताएवढाही असू शकतो, बारीक असते ती पृष्ठभागावरची खडबड, स्पर्श जास्त व्हावा म्हणून केलेली.

काम कसं चालतं बघा. एकीकडं नायलॉन, दुसरीकडं टेफ्लॉन (तेच, नॉनस्टिक तव्यावरचं), दोन्हींच्या पाठीला धातूचा पत्रा आणि पत्रे तारेनं जोडलेले. दाबलं की दोघं चिकटतात, टेफ्लॉन नायलॉनकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतं. सोडलं की पृष्ठभाग लांब जातात पण ते चार्ज तिथंच अडकून बसतात, त्यांच्या ओढीनं पत्र्यांमधले इलेक्ट्रॉन तारेतून पळतात, परत दाबलं की उलटे पळतात. म्हणजे एसी करंट, तो डायोडमधून (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) सरळ करून कपॅसिटरमध्ये साठवायचा.

आता लगेच लाइटबिल बंद होईल असं समजू नका. व्होल्टेज शेकड्यात जातं पण करंट मायक्रोअँपमध्ये, म्हणजे अँपिअरच्या दहा लाखाव्या भागात. 200 व्होल्ट गुणिले 10 मायक्रोअँप म्हणजे 2 मिलीवॉट (वॉटचा हजारावा भाग तो मिलीवॉट), तेही नुसतं कागदावर, कारण दोन्ही आकडे एकाच वेळी हाताला लागत नाहीत, आणि साधा सीलिंग फॅन खातो 75 वॉट! त्यामुळं चालण्यातून मोबाईल चार्ज वगैरे हेडिंग दिसलं की मी पुढं सरकतो.

खरी मजा सेन्सरमध्ये आहे. हलण्यातूनच सिग्नल तयार होतो, त्याला सेल लागत नाही, म्हणजे मागाचं बेअरिंग वेगळं थरथरायला लागलं तर तो तुकडाच सांगेल. अडचण दोन गोष्टींची, घासून पृष्ठभाग झिजतो आणि दमट हवेत चार्ज गळून जातो, म्हणून सील करावं लागतं. एप्रिल-मेमधलं आपलं कोरडं ऊन मात्र इथं फायद्याचं.

आणि हो, आपली सोलापुरी चादर यात जवळपास बिनकामाची. सुती ना, धड इलेक्ट्रॉन देत नाही, धड घेत नाही, वर ओलावा धरून बसते.