ऐतिहासिक उद्गार

ऐतिहासिक उद्गार : राजा, सेनापती, मुत्सद्दी किंवा साधा शिपाई यांच्या तोंडी असलेले आणि एखाद्या प्रसंगाशी कायमचे जोडले गेलेले छोटे वाक्य. लढाईची तारीख लोक विसरतात, तहाची कलमे कुणाला पाठ नसतात. वाक्य मात्र तोंडोतोंडी टिकते. ते प्रश्नमंजूषेत विचारले जाते, भाषणात टाळ्या घेते, पुतळ्याखाली कोरले जाते. म्हणूनच त्याची छाननी होणे फार गरजेचे आहे. उद्गार समोर आला की पहिल्यांदा पाहावे, तो ऐकायला तिथे कोण होते आणि लिहून कधी ठेवला गेला.

प्राचीन उद्गारांच्या बाबतीत हे अंतर बहुधा शतकांचे असते. इ. स. पू. २७९ मध्ये इटलीतल्या अस्क्युलमला रोमनांचा पराभव केल्यावर ग्रीसमधल्या एपिरसचा राजा पिऱ्हस म्हणाला, ‘असा आणखी एक विजय मिळाला तर आपण संपलोच.’ ही हकिकत सांगणारा ग्रीक चरित्रकार प्लुटार्क त्यानंतर साडेतीनशेहून अधिक वर्षांनी लिहीत होता. ‘मला राजासारखे वागव’ हे पोरसाचे अलेक्झांडरला दिलेले उत्तरही तसेच. झेलमकाठची लढाई इ. स. पू. ३२६ ची, आणि ते नोंदवणारा ग्रीक इतिहासकार आरियन इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. त्याच्या हाताशी अलेक्झांडरच्या सोबत्यांचे वृत्तान्त होते, एवढी जमेची बाजू.

ज्यूलियस सीझरच्या ‘आलो, पाहिले, जिंकले’ या वाक्याची गोष्ट थोडी निराळी आहे. इ. स. पू. ४७ मध्ये झेला येथे त्याने पाँटसचा राजा फार्नाकीझ याला हरवले, तेव्हाचे हे शब्द. शब्दांवर जुन्या लेखकांचे एकमत आहे, जागेवर नाही. प्लुटार्क म्हणतो, सीझरने मित्राला पत्रात तसे कळवले. रोमन चरित्रकार स्विटोनियस म्हणतो, विजयाच्या मिरवणुकीतल्या फलकावर ते लिहिले होते. ‘ब्रूटस, तूसुद्धा?’ हे वाक्य मात्र शेक्सपिअरच्या नाटकामुळे जगभर गेले. स्विटोनियसच्या मते मरताना सीझर फक्त कण्हला. तो ग्रीक भाषेत ‘बाळा, तूसुद्धा?’ म्हणाला असे काही जण सांगतात, एवढीच पुस्ती तो जोडतो.

फ्रान्सच्या इतिहासात तर अशा वाक्यांची रासच आहे. ‘राज्य म्हणजे मीच’ हे चौदाव्या लुईने १६५५ मध्ये पॅरिसच्या न्यायसभेत सुनावल्याचे सांगतात. सभेच्या दप्तरात ते नाही. उलट १७१५ मध्ये मृत्युशय्येवर तो ‘मी चाललो, पण राज्य कायम राहील’ असे म्हणाल्याची दरबारी नोंद आहे. अर्थ नेमका उलटा, आणि हे वाक्य फारसे कुणाला ठाऊक नसते. ‘पाव मिळत नसेल तर केक खा’ हे फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिच्या माथी मारलेले वाक्य तर उघड अन्याय आहे. फ्रेंच विचारवंत रूसोने आत्मचरित्रात ते एका अनाम राजकन्येचे म्हणून लिहिले (मुळात केक नव्हे, लोणी-अंडी घातलेला ब्रिओश), तेव्हा मारी ऑस्ट्रियात वाढणारी लहान मुलगी होती. ती फ्रान्समध्ये आली १७७० साली.

१८ जून १८१५ रोजी वॉटर्लूच्या रणांगणावर नेपोलियनच्या खाशा पलटणीला शरण येण्यास सांगितले गेले, तेव्हा जनरल कँब्रॉन गरजला, ‘खाशी पलटण मरते, शरण जात नाही!’ लढाईनंतर काही दिवसांतच हे वाक्य पॅरिसच्या वृत्तपत्रात झळकले. पण कँब्रॉन त्या दिवशी जखमी होऊन जिवंत पकडला गेला आणि पुढे १८४२ पर्यंत जगला. हे शब्द आपले नव्हेत, असे तो सांगत राहिला. नांत शहरातल्या त्याच्या पुतळ्यावर तरीही तेच शब्द कोरले गेले. तो प्रत्यक्षात एकच शिवी हासडून मोकळा झाला, ही दुसरी कथाही त्याने नाकारली होती. बोलणारा स्वतः नाही म्हणत असतानाही हरलेल्या सैन्याला ते वाक्य हवे होते, म्हणून ते राहिले.

मराठी इतिहासात ‘गड आला पण सिंह गेला’ इतके घरोघरी पोचलेले दुसरे वाक्य नाही. फेब्रुवारी १६७० मध्ये तानाजी मालुसरे कोंढाण्यावर पडले, त्यावेळचे हे शिवाजी महाराजांचे उद्गार मानले जातात. घटनेला सर्वांत जवळची बखर कृष्णाजी अनंत सभासदाची, राजाराम महाराजांच्या काळात लिहिलेली. तिच्यात महाराज म्हणतात, ‘एक गड घेतला, परंतु एक गड गेला.’ तिथे सिंह नाही. तानाजीवरून गडाचे नाव सिंहगड पडले, ही समजूतही टिकत नाही, कारण १६६३ च्या पत्रात ते नाव आलेले आहे. सभासदाचे वाक्य मला जास्त मोलाचे वाटते. एका माणसाची किंमत त्यात थेट गडाशी लावली आहे. मराठा सरदार दत्ताजी शिंद्यांचे ‘बचेंगे तो और भी लढेंगे’ हेही बखरीतूनच आपल्यापर्यंत आले. १० जानेवारी १७६० रोजी दिल्लीजवळच्या बुराडी घाटावर ते घायाळ होऊन पडले असता शत्रूकडच्या कुतुबशहाने ‘और लढोगे?’ असे डिवचले, त्यावरचे हे उत्तर. पुढच्या क्षणी त्यांचे शिर कापले गेले. पाहणारे बहुतेक शत्रूकडचे होते. तरी दत्ताजींच्या त्या दिवशीच्या लढण्याशी हे शब्द विसंगत नाहीत.

ध्वनिमुद्रणाचा काळ आला तरी गोंधळ संपत नाही. चर्चिलचे ‘आम्ही किनाऱ्यांवर लढू’ हे ४ जून १९४० चे भाषण आज ऐकू येते ते त्याने १९४९ मध्ये पुन्हा वाचून मुद्रित केलेले. संसदेत त्या दिवशी मुद्रण झालेच नव्हते.

काही उद्गार मात्र तयार होताना पाहिलेला माणूस सापडतो. २१ ऑक्टोबर १८०५ रोजी ट्रफाल्गरच्या सागरी लढाईत ब्रिटिश आरमाराचा सेनापती नेल्सन याला आपल्या आरमाराला कळवायचे होते की प्रत्येक जण कर्तव्य बजावील असा इंग्लंडला ‘विश्वास’ आहे. निशाणांची जबाबदारी असलेल्या लेफ्टनंट पास्कोने अडचण सांगितली. या शब्दाला सांकेतिक पुस्तकात क्रमांक नव्हता, एकेक अक्षर वेगळ्या निशाणाने चढवावे लागले असते. ‘अपेक्षा’ या अर्थाच्या शब्दाला क्रमांक होता. नेल्सनने लगेच होकार दिला आणि तोच संदेश डोलकाठीवर चढला. दुसऱ्या तुकडीचा प्रमुख कॉलिंगवूड मात्र निशाणे चढताना पाहून वैतागला : नेल्सनने आता संदेश थांबवावेत, काय करायचे ते आम्हा सगळ्यांना पक्के ठाऊक आहे.