रॅम्पचा अर्ज वेगळा, यादीचा वेगळा

दिव्यांग लेकराच्या शाळेबद्दलची दोन गाऱ्हाणी बहुतेक वेळा एकाच कागदावर येतात. वर्गात चढायला रॅम्प नाही हे एक. पोराचा फोटो, आधार क्रमांक अन् अपंगत्वाची टक्केवारी असलेली यादी पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडली हे दुसरं. पहिल्यात हक्काचं मिळालं नाही, दुसऱ्यात घरातलं बाहेर गेलं. कायदे वेगळे, म्हणून अर्जही दोन करा.

पहिल्याला दिव्यांग हक्क कायदा, 2016 लागतो. अनुदानित असो वा नुसती मान्यताप्राप्त, शाळेची इमारत अन् सोयी दिव्यांग मुलांना वापरता याव्यात असं सांगणारं कलम 16 शाळेला टाळता येत नाही. अर्जात "सोयी नाहीत" एवढंच लिहिलं तर "कार्यवाही सुरू आहे" असं उत्तर येतं. म्हणून माप लिहा. रॅम्पचा उतार 1:12 हवा, म्हणजे दीड फूट उंच ओट्याला 18 फूट लांबी. आपल्याकडे बऱ्याचदा सहा-सात फुटांचा घसरगुंडीसारखा उतार असतो, नाहीतर त्याच्या तोंडाशी पोषण आहाराच्या तांदळाची पोती. टेप लावून फोटो काढा. परीक्षेत पोराची उत्तरं लिहून देणारा लेखनिक मागितल्यावर "अपंगत्व 40 टक्क्यांच्या आत आहे, लेखनिक मिळणार नाही" असं सांगितलं तर ते लेखी मागा. 40 टक्क्यांची अट लेखनिकाला लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये स्पष्ट केलं आहे.

अर्ज मुख्याध्यापकांकडे, प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख अन् गोल शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका; "ठेवून जा, पाहतो" म्हणजे पोच नव्हे. तिथे हाललं नाही तर पुण्याला राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे स्पीड पोस्टाने पाठवा. धारणी किंवा एटापल्लीहून त्यासाठी गाडीभाडं घालायचं कारण नाही. आयुक्तांना दिवाणी न्यायालयासारखं संबंधितांना बोलावून घेता येतं. शिफारस झाल्यावर काय केलं, किंवा का केलं नाही, हे संबंधित कार्यालयाने तीन महिन्यांत कळवायचं असतं.

यादीची गोष्ट किचकट आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 चा, नियम नोव्हेंबर 2025 चे, पण शाळांवरची मुख्य बंधनं 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 पासून. तेव्हाही आधी शाळेकडेच तक्रार, मग डेटा संरक्षण मंडळ. मुलांच्या माहितीबाबत दंड 200 कोटींपर्यंत. तो सरकारी तिजोरीत जातो, पालकाला छदामही नाही. फळ्यावर खडूने लिहिलेली यादी या कायद्यात बसतच नाही.

मात्र आधार क्रमांक जाहीर करायला आधार कायद्याच्या कलम 29 ने आजही बंदी आहे. त्यामुळे अर्जात आधाराचा मुद्दा पहिला ठेवा. पुरावा म्हणजे ग्रुपचं नाव, पाठवणाऱ्याचा क्रमांक, तारीख-वेळ दिसेल असा पूर्ण स्क्रीनशॉट. कापून घेतला की वजन जातं. पण तोच स्क्रीनशॉट अर्जाला जोडताना बाकीच्या पोरांचे आधार क्रमांक काळ्या पेनाने झाका, नाहीतर आपणच ती यादी आणखी चार टेबलांवर फिरवतो. मागणी नेमकी लिहा: संदेश "सर्वांसाठी हटवा" करावा, अन् तो हटेनासा झाला असेल तर प्रत्येकाने आपल्या फोनवरून काढावा अशी लेखी सूचना ग्रुपवर द्यावी. तरीही दाद लागली नाही तर शिक्षणाधिकारी आणि मुंबईचा राज्य बालहक्क आयोग.