एपस्टीन-बार विषाणूचा मुक्काम नेमका कुठे?

एपस्टीन-बार विषाणूची कथा बहुधा धुक्यापासून सुरू होते. डिसेंबर १९६३ मध्ये युगांडातल्या एका मुलाच्या कर्करोगाच्या गाठीचा नमुना घेऊन लंडनला निघालेलं विमान धुक्यामुळे मँचेस्टरला उतरलं. नमुना लंडनमधले संशोधक अँथनी एपस्टीन यांच्या हाती पडला तेव्हा त्यातला द्रव गढूळ झाला होता. नासला म्हणून टाकून न देता त्यांनी तो तपासला, तर गाठीतून सुटलेल्या जिवंत पेशी त्यात तरंगत होत्या. त्यांच्या सहकारी इव्हॉन बार यांनी त्या प्रयोगशाळेत वाढवल्या आणि १९६४ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली नागीण-कांजिण्यांच्या कुळातला एक नवा विषाणू दिसला.

मला मात्र धुक्यापेक्षा पुढचा शोध जास्त मोलाचा वाटतो. जगातल्या ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात हा विषाणू जन्मभर राहतो, पण राहतो कुठे? तो लाळेतून पसरतो, त्यामुळे घशाच्या अस्तरावर संशय जाणं साहजिक होतं.

उत्तर मिळालं ते बोन मॅरो (रक्तपेशी तयार करणारा अस्थिमज्जा) प्रत्यारोपणाच्या रुग्णांकडून. प्रत्यारोपणाआधी रुग्णाच्या रक्तपेशी नष्ट कराव्या लागतात. घसा त्याचा त्याचाच राहतो. तरीही काही रुग्णांमधला जुना विषाणू पार नाहीसा झाल्याचं १९८८ मध्ये दिसलं. एका रुग्णात तर पुढे दात्याचाच विषाणू सापडला. म्हणजे मुक्काम घशात नव्हे, रक्तपेशींत होता. पुढच्याच वर्षी उलट बाजूने पुरावा आला: असायक्लोव्हिर हे विषाणूरोधक औषध दिल्यावर घशातून विषाणू बाहेर पडणं थांबलं, रक्तातल्या बाधित बी पेशी (प्रतिपिंडांशी संबंधित पांढऱ्या रक्तपेशी) मात्र तशाच राहिल्या.

१९९८ मध्ये बोस्टनच्या डेव्हिड थॉर्ली-लॉसन यांच्या गटाने नेमकी पेशी दाखवली. ती होती विश्रांत स्मृती बी पेशी, जुन्या संसर्गांची आठवण वर्षानुवर्षं जपणारी. निरोगी माणसात दहा लाख बी पेशींमागे अशा बाधित पेशी जेमतेम १ ते ५०.

तिथे विषाणूचा डीएनए कड्यासारखा गोल होऊन केंद्रकात पडून असतो आणि प्रथिनं जवळजवळ बनवतच नाही, त्यामुळे बाधित पेशी हुडकून मारणाऱ्या टी पेशींना ओळखायला काही उरत नाही. पेशी दुभंगताना ईबीएनए-१ हे एकच प्रथिन या कड्याला गुणसूत्राशी बांधून ठेवतं. पेशी प्रतिपिंडं बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशीत बदलू लागली, की विषाणू जागा होतो. असायक्लोव्हिर चालतं ते या जागेपणी, विषाणू स्वतःच्या विकराने (एन्झाइमने) डीएनएच्या नकला काढतो तेव्हा. सुप्तावस्थेत ते काम पेशीचीच विकरं करतात, आणि त्यांच्यावर या औषधाची मात्रा चालत नाही.