रक्ताचा सामू आणि श्वासाचं गणित

मागच्या रविवारी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये एक विक्रेता पाण्याचं यंत्र दाखवायला आला होता. दोन पेल्यांत पाणी, दोन्हींत रंगाचे चार-चार थेंब. साध्या पाण्याचा पेला पिवळा झाला, यंत्रातल्या पाण्याचा जांभळा. "पिवळं म्हणजे आम्ल. तुमचं रक्तही असंच झालंय, म्हणून पित्त, सांधेदुखी आणि पुढे कॅन्सर," असं त्याने ठासून सांगितलं, आणि शेजारच्या काकूंनी लगेच किंमत विचारली. हा लेख काकूंसाठी लिहितोय.

थेंबांचे रंग खरे होते, रक्ताबद्दलचं विधान साफ खोटं. शेतकरी माती तपासून आणतो तेव्हा अहवालात जो 'सामू' (pH) लिहिलेला असतो, तीच मोजपट्टी रक्तालाही लागते. 1909 मध्ये सोरेन्सन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने ती कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत तयार केली. 7 म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, वर आम्लारी. एक घर खाली उतरलं की आम्लता दहापट. निरोगी माणसाच्या रक्ताचा सामू 7.35 ते 7.45 असतो, म्हणजे रक्त मुळातच किंचित आम्लारीधर्मी. तो 7 च्या खाली गेला तर जिवावर बेततं. तसा माणूस हॉलमध्ये बसून चहा पीत नसतो.

आपण 'पित्त झालं' म्हणतो तेव्हा बहुधा जठरातलं आम्ल अन्ननलिकेत वर आलेलं असतं, रक्त आंबट झालेलं नसतं. आणि यंत्रातलं 9.5 सामूचं एक लिटर पाणी घेतलंत, तर त्याला आम्लारी बनवणारा हायड्रॉक्साइड संपवायला 1.5 सामूचा जठररस किती लागेल? एक मिलिलिटर. चमचाभरसुद्धा नाही. कॅन्सरच्या गाठीभोवती आम्लता आढळते हे खरं, पण ते आम्ल कर्कपेशी स्वतःच बनवतात. घाबरलेल्या माणसाला असं अर्धसत्य विकणं मला गंडेदोऱ्यांपेक्षा वेगळं वाटत नाही.

आता मला मनापासून आवडणारा भाग.

आपलं शरीर दिवसभरात सुमारे 15,000 मिलिमोल (मिलिमोल हे रेणूंची संख्या मोजायचं एकक) कार्बन डायऑक्साइड तयार करतं. तो पाण्यात मिसळला की कार्बॉनिक आम्ल होतं आणि ते फुटून हायड्रोजन आयन आणि बायकार्बोनेट सुटतात. ही क्रिया दोन्ही दिशांनी चालते. लाल पेशींतलं कार्बॉनिक अनहायड्रेज हे विकर (एन्झाइम) ती इतकी वेगवान करतं, की फुप्फुसाच्या केशवाहिनीत रक्त जेमतेम पाऊण सेकंद असतं तेवढ्यात काम उरकतं. रक्ताचा सामू ठरतो तो बायकार्बोनेट आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड यांच्या गुणोत्तरावर. लिटरमागे 24 मिलिमोल बायकार्बोनेट, 1.2 मिलिमोल कार्बन डायऑक्साइड. 20 ला 1. वीसचा लॉगॅरिदम 1.3, त्यात या जोडीचा ठरलेला स्थिरांक (pKa) 6.1 मिळवा: 7.4.

रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला इथे कोडं पडतं. बफर द्रावण, म्हणजे आम्ल मिसळलं तरी सामू फारसा हलू न देणारं द्रावण, उत्तम चालतं ते आपल्या स्थिरांकाच्या आसपास. 7.4 साठी 6.1 चा बफर म्हणजे निवड चुकलीच म्हणायची. आकडे घालून बघू. लिटरभर रक्तात 12 मिलिमोल आम्ल आलं. बायकार्बोनेट 24 वरून 12 वर येईल आणि तेवढाच कार्बन डायऑक्साइड नवा तयार होईल. झाकण लावलेल्या बाटलीत तो साठून 13.2 होईल आणि फक्त या जोडीच्या भरवशावर सामू 6.1 च्याही खाली घसरेल. म्हणजे मृत्यू. पण फुप्फुसं झाकण उघडं ठेवतात. जास्तीचा वायू बाहेर गेला आणि विरघळलेला 1.2 वरच राहिला, तर गुणोत्तर 10 ला 1, सामू 7.1. शरीर इथेही थांबत नाही. आम्लता वाढल्याचं कळताच मेंदूतलं श्वसनकेंद्र श्वास खोल आणि जलद करतं, कार्बन डायऑक्साइड 0.8 पर्यंत उतरतो आणि सामू 7.3 च्या जवळ येतो. मधुमेही रुग्णाचं इन्सुलिन थांबलं की रक्तात आम्ल साचतं आणि तो खोल, धापा टाकल्यासारखा श्वास घेतो त्याचं कारण हेच.

बाटलीतला सुमार बफर शरीरात अव्वल ठरतो, कारण शरीर ही बंद बाटली नाही.

मूत्रपिंडाचं काम संथ, तासांचं आणि दिवसांचं. ते रोज गाळलं गेलेलं चार हजारांवर मिलिमोल बायकार्बोनेट जवळजवळ सगळं परत घेतं आणि प्रथिनांच्या पचनातून उरणारं, श्वासावाटे न जाणारं आम्ल लघवीतून बाहेर टाकतं. म्हणून लघवीचा सामू साडेचारपासून आठपर्यंत हलतो. लिंबूपाणी पिऊन तो बदलेल, रक्ताचा नाही.

हे गुणोत्तर नजरेतून सुटलं की काय होतं, ते 1952 मध्ये कोपनहेगनमध्ये दिसलं. पोलिओच्या साथीत ब्लेगडॅम रुग्णालयात श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या पहिल्या 31 रुग्णांपैकी 27 जण दगावले. रक्तात एकूण कार्बन डायऑक्साइड, म्हणजे मुख्यतः बायकार्बोनेट, खूप वाढलेलं दिसे, म्हणून डॉक्टरांना वाटलं की रक्त कुठल्याशा अज्ञात कारणाने आम्लारीधर्मी होतंय. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने उलट सांगितलं: श्वास अपुरा पडल्याने वायू साचलाय, रक्त आम्लधर्मी आहे. 27 ऑगस्टला बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेत नळी घालून रबरी पिशवी हाताने दाबत त्यांनी तिला श्वास दिला आणि ती वाचली. मग सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून महिनोन्महिने पिशव्या दाबत बसले. मृत्यूचं प्रमाण 87 टक्क्यांवरून 40 च्या आसपास आलं. तिथल्या प्रयोगशाळेचे प्रमुख पॉल आस्ट्रुप यांनी रक्ताचा सामू थेट मोजून इब्सेनचं म्हणणं पडताळलं आणि त्या मोजणीची सोपी पद्धत पुढे बसवली.

आज अतिदक्षता विभागात मनगटाच्या धमनीतून थोडं रक्त घेऊन सामू, कार्बन डायऑक्साइड आणि बायकार्बोनेट हे तीन आकडे काही मिनिटांत मिळतात. काकू, रक्ताचा सामू बघायचा असेल तर तो असा बघतात.