कोपराचे दुखणे आणि ऑस्टिओपॅथी : एका उपचाराची पार्श्वभूमी

कोपराच्या बाहेरच्या अंगाला, हाडाच्या उंचवट्यावर बोट दाबले की कळ येते आणि भरलेला कप उचलताना किंवा ओले फडके पिळताना तीच कळ मनगटाकडे उतरते. या दुखण्याला आपण ‘टेनिस एल्बो’ म्हणतो. २००५ मध्ये सचिन तेंडुलकरच्या डाव्या कोपरावर लंडनमध्ये शस्त्रक्रिया झाली, तेव्हापासून तर हा शब्द मराठी घरांत रुळूनच गेला. हे दुखणे मागे लागलेल्या बहुतेकांनी मात्र कधी रॅकेट धरलेली नसते. वैद्यकीय साहित्यातील त्याचे पहिले वर्णनही टेनिसपटूंचे नव्हते. रुंगे या जर्मन डॉक्टरांनी १८७३ मध्ये ते लिहिण्याच्या कामाशी जोडले होते. लॉन टेनिस इंग्लंडमध्ये लोकप्रिय झाल्यावर, १८८२-८३ च्या सुमारास, तिथल्या वैद्यकीय नियतकालिकांनी दुखण्याला खेळाचे नाव दिले आणि तेच टिकले.

ऑस्टिओपॅथीचा, म्हणजे हाडे, सांधे व स्नायूंवर हातांनी उपचार करण्याच्या पद्धतीचा, उगम याच काळातला, पण अटलांटिकच्या पलीकडचा. १८६४ मध्ये मेंदूज्वराने आपली तीन मुले गमावलेल्या अँड्र्यू टेलर स्टिल या अमेरिकी डॉक्टरांचा त्या काळच्या औषधांवरील विश्वास उडाला. त्या औषधांत पाऱ्याची संयुगेही असत, हे लक्षात घेतले तर त्यांचा राग समजण्याजोगा आहे. हाडे व सांधे जागच्या जागी नसले की रक्तप्रवाह अडतो आणि त्यातून आजार उद्भवतो, असा सिद्धांत त्यांनी १८७४ मध्ये मांडला आणि १८९२ मध्ये मिसूरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे शाळा काढली. त्यांचे शिष्य जॉन मार्टिन लिटलजॉन यांनी १९१७ मध्ये लंडनमध्ये ब्रिटिश स्कूल ऑफ ऑस्टिओपॅथी स्थापन केली. पुढे दोन वाटा पडल्या. अमेरिकेत या शाखेचे पदवीधर पूर्ण अधिकाराचे डॉक्टर झाले, तर ब्रिटनमध्ये ऑस्टिओपॅथ प्रामुख्याने हातांनी उपचार करणारा राहिला आणि १९९३ च्या कायद्याने त्याला नियमनाखाली आणले गेले.

हातांनी सांधा मोकळा करण्याची विद्या मात्र स्टिल यांच्याआधीची आहे. आपल्याकडे जसे हाडवैद्य, तसे इंग्लंडमध्ये हाडे बसवणारे पिढ्यान्‌पिढ्या होते. जेम्स पॅजेट यांच्यासारख्या नामांकित शल्यविशारदाने १८६७ मध्ये आपल्या व्यवसायबंधूंना बजावले होते की, ही माणसे जे रोगी बरे करतात त्यांच्याकडून शिकण्यासारखे काहीतरी आहे. मला या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत प्रामाणिक क्षण वाटतो.

कोपराचे ठळक तंत्र पुढे आले तेही ऑस्टिओपॅथीच्या बाहेरून. १९२८ मध्ये मिल्स या ब्रिटिश शल्यविशारदांनी सांगितलेल्या पद्धतीत रुग्णाचे मनगट खाली वाकवून, तळवा पालथा ठेवून कोपर झटक्याने पूर्ण सरळ केले जाते. जेम्स सिरिअॅक्स या ब्रिटिश डॉक्टरांनी १९३६ मध्ये याच दुखण्यावर सविस्तर लिहिले आणि स्नायू हाडाला जोडणाऱ्या स्नायूबंधावर आडवे, खोल घर्षण देण्याची पद्धत रूढ केली. आजचा ऑस्टिओपॅथ अशा तंत्रांबरोबरच कोपराखालच्या दोन हाडांची फिरती हालचाल, त्यांमधला पडदा, मनगट, खांदा आणि मानही तपासतो, कारण दुखणाऱ्या बिंदूपाशी थांबायचे नाही हा स्टिल यांचा आग्रह त्याच्या शिक्षणात उतरलेला असतो.

दरम्यान दुखण्याचे स्पष्टीकरण पार बदलले. १९७९ मध्ये निर्शल व पेट्रोन या अमेरिकी शल्यविशारदांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊतींचे वर्णन केले. मनगट मागे उचलणाऱ्या स्नायूच्या बंधात नेहमीची सूज नव्हती, तर झिजलेले, विस्कटलेले तंतू होते. रक्तप्रवाह अडल्याची स्टिल यांची मांडणी इथे टिकत नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. पण सूज मानून स्टेरॉइड टोचण्याची सवयही त्यामुळे डळमळली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील १९८ रुग्णांच्या चाचणीत इंजेक्शन घेतलेले सहा आठवड्यांनी सर्वांत पुढे होते, पण त्यांचे दुखणे मोठ्या प्रमाणात उलटले. हाताळणी व व्यायाम मिळालेले रुग्ण सुरुवातीला नुसती वाट पाहणाऱ्यांपेक्षा बरे होते. वर्षअखेरीस मात्र या दोन गटांत फारसा फरक उरला नाही. हे उपचार फिजिओथेरपिस्टनी केले होते, त्यामुळे त्यांचे श्रेय ऑस्टिओपॅथीच्या खात्यावर जमा करता येत नाही. शिवाय तिथे हाताळणीच्या जोडीला व्यायाम होताच, आणि तो रुग्णाला घरी स्वतःच करावा लागतो : हात टेबलावर टेकवायचा, तळवा पालथा, मुठीत हलके वजन, आणि मनगट सावकाश खाली सोडायचे.